गल्ली एकत्र ठेवायची की सोडतीने पांगवायची?

तुमच्या प्रश्नाचा आशय आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठे चुकली असेल तर ती तुमच्या लगेच ध्यानात येईल. पूर्व उपनगरातल्या एका झोपडपट्टीच्या नियोजित गृहनिर्माण संस्थेचे तुम्ही सचिव आहात. वस्तीत चारशेच्या वर घरे आहेत. एका गल्लीत जालना-परभणीकडची कुटुंबे, दुसरीत तिरुनेलवेलीकडचे तमिळ, तिसरीत उत्तर प्रदेशातल्या बस्ती-सिद्धार्थनगरचे शिलाई कारागीर आणि रस्त्याच्या अंगाला रत्नागिरीकडची जुनी घरे, अशी तिची मांडणी आहे. पुनर्विकासातल्या खोल्या सोडतीने वाटाव्यात, असे कार्यकारिणीतल्या तरुणांना वाटते. आमची गल्ली एकाच मजल्यावर द्या, असा ज्येष्ठांचा हट्ट आहे. हा हट्ट म्हणजे जात आणि भाषा यांचा संकुचितपणा नव्हे काय, आणि मुंबईत तीस-चाळीस वर्षे काढूनही माणसे आपापल्या घोळक्यातच का राहतात, असे तुम्ही विचारले आहे.

गेली सत्तावीस वर्षे मी मुंबई आणि ठाण्याकडच्या वस्त्यांची सर्वेक्षणे व पुनर्वसनाची कामे करत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न मिसळले आहेत. ही माणसे एकत्र आली कशी, हा पहिला. आणि आज एकत्र राहिल्याने त्यांचे नेमके कोणते काम भागते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर इतिहासात सापडते आणि ते ऐकायला रंजक असते, म्हणून बहुतेक चर्चा तिथेच रेंगाळते. सोडतीचा निर्णय मात्र दुसऱ्या उत्तरावर घ्यावा लागतो, आणि ते प्रत्येक वस्तीत वेगळे असते. तुमच्या वस्तीत मी आलेलो नाही, त्यामुळे निर्णय काय घ्यावा हे मी येथे बसून सांगणार नाही. तो कशाच्या आधारे घ्यावा, एवढे सांगू शकतो.

गावाहून निघालेल्या माणसाच्या खिशात मुंबईचा पत्ता नसतो, एका खोलीचा असतो. १९२१ च्या जनगणनेत मुंबईच्या दर शंभर रहिवाशांपैकी सुमारे ८४ जण शहराबाहेर जन्मलेले होते. म्हणजे त्या काळी जवळजवळ सगळे शहरच पाहुण्यांचे होते, आणि तरीही प्रत्येकाला आपण कुठे उतरायचे हे ठाऊक होते. १८५० च्या दशकात ताडदेवला पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी, शिवडी असे गिरणगाव वसले. गिरणीत माणूस भरण्याचा अधिकार व्यवहारात जॉबरकडे, म्हणजे कामगारांवरच्या मुकादमाकडे, होता. जॉबर आपल्या गावच्या, आपल्या भावकीतल्या पोरांना साच्यावर लावी, त्याबद्दल दस्तुरी घेई, आणि पोरगे पळून गेले तर गावात त्याच्या बापाला गाठता येते, हे त्याचे तारण होते. गिरणीला हजेरीची खात्री हवी होती, पोराला कामाची आणि जॉबरला वचक ठेवण्याची. तिघांचेही काम गाववाल्यामुळे भागत असे. यात आपुलकी नव्हती असे नाही, परंतु जॉबरने माणूस उभा केला तो हिशेबाने.

नोकरीच्या पाठोपाठ खोली येई. कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांनी गिरणगावात गावाच्या नावाने गाळे घेतले होते. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस पुरुष, प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी आणि भिंतीवर सदऱ्यासाठी एक खिळा. रात्रपाळीचा माणूस सकाळी परतला की दिवसपाळीवाल्याने सोडलेल्या जागेत अंथरूण टाकी. जेवण खानावळीत. खानावळ चालवणारी बाई बहुतेकदा त्याच मुलखातली असे, महिन्याच्या पगारावर हिशेब चुकता होई, आणि माणूस आजारी पडला किंवा संपावर गेला तर ती महिनाभर उधारीवर वाढत असे. ही उधारी अनोळखी माणसाला मिळत नाही. खानावळीच्या बाईला उधार देण्याइतके भांडवल कुठून येत होते, हा प्रश्न पुष्कळ दिवस कोणी विचारला नव्हता. ती स्वतः सावकाराच्या विळख्यात होती. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळवून दिली, तेव्हा गिरणगावातल्या ‘गावकी’चा एक मोठा खांब या बायकांच्या खांद्यावर उभा होता, हे पुष्कळांना प्रथम कळले.

गिरणगावाच्याच काळातल्या गोवेकरांच्या व्यवस्थेचे उदाहरण मला नेहमी द्यावेसे वाटते, कारण तिच्यात हा सगळा व्यवहार अगदी उघडा दिसतो. धोबीतलाव, डाबूल, माझगाव या भागांत गोव्यातल्या एकेका गावाने आपापले ‘कूड’ काढले होते आणि त्यांपैकी कित्येक आजही आहेत. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत अशा कुडांच्या पाट्या अजून वाचायला मिळतात. बोटीवर काम करणारा खलाशी सहा-आठ महिने समुद्रावर असे, घर गोव्यात, आणि मधल्या काळात पेटी ठेवायला व पुढच्या बोटीची वाट पाहायला मुंबईत जागा हवी. कूड ही त्यासाठी गावाने वर्गणीने चालवलेली जागा. सायंकाळची सामुदायिक प्रार्थना, गावच्या संताचा सण आणि ठरलेले नियम यांमुळे ती धर्मशाळेहून वेगळी झाली. जागा मुळात पेटीसाठी घेतली होती, समाज तिच्याभोवती नंतर जमला. वस्त्यांच्या कामात मला हाच क्रम पुन्हा पुन्हा दिसला आहे: आधी एखादी रोजची अडचण, मग तिच्यावर ओळखीतून निघालेला उपाय, आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी मंडळ, देऊळ, मशीद किंवा प्रार्थनास्थळ, उत्सव, पाटी. बाहेरून पाहणाऱ्याला शेवटची पाटी आधी दिसते, म्हणून त्याला वाटते की माणसे उत्सवासाठी एकत्र राहतात.

धंदा बदलला की वस्तीही हलते, याचे स्पष्ट उदाहरण माथाडी कामगारांचे आहे. सातारा जिल्ह्यातल्या पाटण-जावळीकडचे आणि आसपासचे हजारो लोक मस्जिद बंदर, दाणाबंदर या भागात पाठीवर ओझी वाहत होते आणि त्याच बाजूला दाटीवाटीने राहत होते. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला, पुढे घाऊक बाजार वाशीला नेण्यात आले, आणि आज तुम्ही कोपरखैरणे-घणसोलीत गेलात तर त्याच तालुक्यांची नावे घरांवर आणि मंडळांच्या फलकांवर वाचाल. डबेवाल्यांचे मावळ-खेड-आंबेगाव-जुन्नरशी असलेले नाते शंभरांहून अधिक वर्षे टिकले, कारण डबा उचलायला जो नवा माणूस घ्यायचा त्याची हमी जुन्याने द्यायची असते. आणि धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची घरे भट्टीच्या अंगणाभोवती आहेत. भट्टी चार-सहा घरांची सामाईक असते, त्यामुळे तिथे शेजार हेच उत्पादनाचे साधन आहे. अशा ठिकाणी शेजाऱ्यांना सातव्या मजल्यावर एकत्र ठेवले तरी काही साधत नाही, कारण भट्टी वर चढत नाही. तुमच्या वस्तीतल्या शिलाई कारागिरांचे काय आहे, हे मात्र तुम्हाला बारकाईने पाहावे लागेल: एका घरात कटाई, दुसऱ्यात शिलाई, तिसऱ्यात काजे-बटण असे काम फिरत असेल, तर त्यांची गल्ली हा एक पसरलेला कारखाना आहे.

इथपर्यंत वाचून ही केवळ गरिबांची तऱ्हा आहे, असा समज होऊ शकतो, म्हणून थोडे विषयांतर करतो. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग आला, दोन वर्षांनी सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाटीतल्या लोकांना उत्तरेकडे हलवण्यासाठी दादर-माटुंग्याचे आराखडे निघाले. ट्रस्टमधलेच एक अभियंता मंचेरजी जोशी यांनी मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ भूखंड राखून घेतले; तीच आजची दादर पारशी कॉलनी. गामदेवीला १९१५ मध्ये सारस्वतांनी सहकारी तत्त्वावर गृहनिर्माण संस्था काढली, जी देशातल्या आद्य गृहनिर्माण संस्थांपैकी आहे. माटुंग्याला रेल्वेत आणि कंपन्यांत कारकुनी, लघुलेखन करायला आलेल्या दक्षिण भारतीय तरुणांसाठी आधी मेस निघाल्या, मग १९३२ मध्ये साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी, १९४२ मध्ये स्टेशनसमोर रामा नायक यांचे उडुपी भोजनगृह. पत्र्याच्या पेटीच्या जागी पदवी आली, जॉबरच्या जागी कार्यालयातला वरिष्ठ आला, एवढाच फरक. ओळखीतून नोकरी आणि नोकरीतून खोली हा मार्ग तोच. ज्यांच्याकडे भांडवल होते त्यांच्या अशा वस्तीला आपण कॉलनी म्हणतो आणि तिच्या शिस्तीचे कौतुक करतो. तुमच्या कार्यकारिणीतल्या तरुणांना हे जरूर सांगा.

सगळ्याच वस्त्या ओळखीतून उभ्या राहिल्या, असेही नाही. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना सरकारने कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत ठेवले आणि १९४९ मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले. तिथे कोणी कोणाला चिठ्ठी लिहून बोलावले नव्हते. आणीबाणीत, १९७६ मध्ये, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शेजारची जनता कॉलनी पाडून तिथल्या लोकांना ट्रॉम्बेच्या चिता कॅम्पात नेऊन टाकले गेले. अशा ठिकाणी समाज नंतर घडतो, आणि तो घडवण्यात सामाईक संकटाचा वाटा गावाच्या नावाहून मोठा असतो. तुमची वस्ती जर एखाद्या पाडापाडीतून पुढे सरकत इथे आली असेल, तर ज्येष्ठांच्या आग्रहामागे ती आठवण असण्याची शक्यता बरीच आहे. एकदा विचारून पाहा.

आता नकाराविषयी, कारण त्याच्याशिवाय हे चित्र खोटे ठरेल. ओळखीने उघडणारे दार बाकीच्यांसाठी बंदच असते. गिरण्यांत विणकाम खात्यात पगार बरा होता, पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि विटाळाच्या कल्पनेमुळे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यात प्रवेश नव्हता. ते कमी पगाराच्या कातण खात्यात अडकले. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न धसास लावण्याचा प्रयत्न केला होता. ज्या ओळखीच्या साखळीचे वर्णन मी मघाशी काहीशा कौतुकाने केले, तिचे हे दुसरे टोक आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींनंतर कितीतरी मुसलमान कुटुंबे मिश्र वस्त्या सोडून मुंब्रा, मिरा रोड अशा ठिकाणी गेली, आणि काही हिंदू कुटुंबांनीही मुसलमानबहुल भाग सोडले. तिथे आपुलकीने कोणी एकत्र आले नाही, भीतीने आले. आजही भाड्याचे घर शोधताना आडनाव सांगितल्यावर दलालाचा आवाज बदलतो, हे मुंबईत कोणाला वेगळे सांगायला नको. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला, त्यामुळे अशा मर्यादेला कायद्याचाही काही आधार आहे.

एकवटण्यासाठी फार मोठा द्वेष लागतो असेही नाही. अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटींवर दोन रंगांची नाणी मांडून दाखवले होते की, आपल्या शेजाऱ्यांपैकी निदान तिसरा हिस्सा आपल्यासारखा असावा, एवढीच माफक इच्छा प्रत्येकाने धरली आणि ती पुरी होत नसेल तर जागा बदलली, तरी थोड्याच फेऱ्यांत पट दोन स्वतंत्र वस्त्यांत विभागला जातो. एकेकाची इच्छा सौम्य असते, एकत्रित परिणाम तीव्र होतो. म्हणून गल्लीकडे बोट दाखवून तिथला प्रत्येक माणूस संकुचित आहे, असे अनुमान काढणे चूक ठरते. उलटही खरे आहे: प्रत्येक जण सज्जन आहे, म्हणून विभागणी निरुपद्रवी आहे, असेही होत नाही.

आणखी एक कारण बहुतेकांच्या नजरेतून सुटते, ते म्हणजे भाडे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठली आणि खोली सोडणे म्हणजे मोठी मालमत्ता सोडणे झाले. खोली पागडीवर, म्हणजे एकरकमी पैसे घेऊन भाड्याचा हक्क दुसऱ्याला देण्याच्या पद्धतीने, जाऊ लागली, आणि पागडीचा व्यवहार, १९९९ च्या कायद्याने त्याला मान्यता देईपर्यंत, मुख्यतः तोंडी आणि विश्वासाचा होता. असा व्यवहार माणूस आपल्या ओळखीतच करतो. गिरगाव-काळबादेवीच्या कितीतरी चाळींत मूळ धंदा संपून दोन पिढ्या झाल्या तरी त्याच समाजाची वस्ती राहिली, याचे मोठे श्रेय संस्कृतीला न देता पागडीला द्यावे, असे माझे मत आहे. झोपडपट्टीतली खोलीही अशीच साध्या कागदावर आणि दोन साक्षीदारांच्या भरवशावर विकली जाते. साक्षीदार कोण, तर त्याच गल्लीतले.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, आणि आधी माझीच एक चूक सांगतो. सुमारे अठरा वर्षांपूर्वी रस्ता रुंदीकरणात हटवलेल्या एका वस्तीच्या पुनर्वसनात मी सर्वेक्षणाच्या बाजूने होतो. खोल्यांचे वाटप सोडतीने व्हावे, असा आग्रह त्या वेळी मीच धरला होता. चिठ्ठीत वशिला चालत नाही आणि सर्व भाषांचे लोक मिसळतील, हे दोन्ही युक्तिवाद माझे होते. पहिला बरोबर ठरला. सहा महिन्यांनी पाहणीसाठी गेलो, तेव्हा पंधरा बायकांची एक भिशी बंद पडली होती, कारण तिच्या सभासद पाच इमारतींत विखुरल्या होत्या आणि दर आठवड्याला पैसे गोळा करणाऱ्या बाईचे गुडघे दुखत होते. लिफ्ट तेव्हा चालू नव्हती. धुणी-भांड्याला जाणाऱ्या एका बाईने काम सोडले होते, कारण पूर्वी तिचे मूल पाहणारी शेजारीण आता दोन इमारती पलीकडे होती आणि नव्या शेजाऱ्याचे दार दिवसभर बंद असे. एक म्हातारे गृहस्थ रोज सकाळी खाली उतरून जुन्या गल्लीतल्या चौघांना शोधत फिरत. दुसऱ्या वर्षी बऱ्याच खोल्यांत मूळ कुटुंबे उरलेली नव्हती. लोकांना घराची किंमत कळत नाही, ते विकून पुन्हा झोपडपट्टीत जातात, असे आमच्या बैठकीत सांगितले गेले. मी गप्प बसलो, कारण जाणाऱ्यांपैकी काही जणांशी मी बोललो होतो आणि ते घराच्या किमतीविषयी बोलत नव्हते.

त्यानंतर मी सर्वेक्षणाचे प्रश्न बदलले. मातृभाषा कोणती आणि मूळ गाव कोणते, हे रकाने ठेवले, पण त्यांच्यापुढे आणखी चार-पाच प्रश्न जोडले. रात्री दोन वाजता घरात कोणी आजारी पडले तर पहिले दार कोणाचे वाजवता? गेल्या वर्षभरात हजार-दोन हजार रुपये उसने कोणाकडून घेतले आणि कोणाला दिले? मूल किंवा म्हातारे माणूस कोणाच्या भरवशावर सोडून कामाला जाता? आत्ताचे काम कोणी लावून दिले? मयताच्या वेळी सामान कोणी आणले? या प्रश्नांची उत्तरे नावानिशी आणि घर क्रमांकानिशी लिहून घ्यायची आणि मग वस्तीच्या नकाशावर दारापासून दारापर्यंत रेघा ओढायच्या.

अशा नकाशांनी मला जे दाखवले त्याने माझा स्वतःचा समज बदलला. काम लावून देणाऱ्यांच्या रेघा बहुधा भाषेच्या आतच राहतात, मयताच्या आणि सोयरिकीच्याही. परंतु रात्री वाजवलेल्या दाराच्या, मूल सांभाळण्याच्या आणि उसनवारीच्या रेघा अनेकदा भाषा ओलांडून जातात. त्या एका नळावर पाणी भरणाऱ्या, एका गटारावरून भांडणाऱ्या, समोरासमोर दारे असलेल्या घरांत ओढल्या जातात. गावाने पहिल्या पिढीला गल्लीत आणले खरे, पण पंधरा-वीस वर्षांनंतर तिला बांधून ठेवणारा धागा बराचसा भिंतीचा आणि नळाचा असतो. ज्येष्ठ मंडळी ‘आमची गल्ली’ म्हणतात तेव्हा त्यांना ‘आमची भाषा’ असेच म्हणायचे असते, असे धरून चालू नका. मराठवाड्याच्या त्या गल्लीत मधेच एखादे तमिळ किंवा मुसलमान घर असेल. त्या घराला मजल्यावर घ्यायचे की नाही, हे त्यांना विचारा. जे उत्तर मिळेल त्यावरून हा आग्रह शेजाराचा आहे की वगळण्याचा, हे तुम्हाला कळेल. तुमच्या संकुचितपणाच्या प्रश्नाला याहून चांगली कसोटी मला माहीत नाही.

गल्लीचे फार गोडवे गाणेही धोक्याचे आहे. जो मुकादम काम लावतो तोच मजुरीतून कापतो, आणि त्याच्या नजरेखाली राहणाऱ्या माणसाला तक्रार करता येत नाही. मुलीला बसस्टॉपवर कोणाशी बोलताना पाहिले, ही बातमी ती घरी पोहोचण्याआधी पोहोचते. एका वस्तीत गटांची नोंद चालू असताना एक विधवा बाई सर्वांदेखत आपल्या गल्लीच्या यादीत नाव देऊन गेली आणि संध्याकाळी एकटी परत येऊन म्हणाली, “साहेब, मला दुसऱ्या इमारतीत टाका, पण मी मागितले असे कोणाला सांगू नका.” नवऱ्यामागे खोली कोणाच्या नावावर व्हावी, यावरून दिराशी तिचा वाद होता आणि गल्ली दिराच्या बाजूने होती. तेव्हापासून मी गटातून बाहेर पडण्याची सोय गुप्त ठेवतो. गल्लीच्या नावाने जो बोलतो तो बहुधा पुरुष असतो, वयस्क असतो आणि त्याची स्वतःची खोली पक्की असते.

हे सगळे जमेस धरून मी सध्या सुचवतो ती पद्धत अशी. भाषा, जात किंवा गाव यांच्या नावावर मजला कोणालाच देऊ नये. त्याऐवजी पाच ते आठ कुटुंबांनी आपणहून गट करून अर्ज द्यावा, गट कोणत्या आधारावर केला हे कोणी विचारू नये, आणि सोडत एकेका कुटुंबाची न काढता गटांची काढावी. गटाला लागून असलेल्या खोल्या मिळाव्यात आणि कोणती इमारत, कोणता मजला हे चिठ्ठीने ठरावे. ज्यांना गट नको असेल त्यांची वेगळी सोडत. वृद्ध आणि अपंग असलेल्या घरांना खालचे मजले आधी. पाच-आठ कुटुंबांची मर्यादा मी अनुभवाने ठरवली आहे: भिशी, मूल सांभाळणे आणि रात्रीचे दार यांसाठी एवढी घरे पुरतात, आणि एवढ्याच घरांना अख्खा मजला ताब्यात घेऊन इतरांना जिना चढू न देणे जमत नाही. चिठ्ठीत वशिला चालत नाही, हा तुमच्या तरुणांचा रास्त मुद्दाही यात सांभाळला जातो. तुमच्या योजनेत हे बसेल की नाही, हे वाटपाच्या अटींवर, विकासकाशी झालेल्या करारावर आणि खोल्यांचे आकार सारखे आहेत की नाहीत यावर अवलंबून आहे. त्यामुळे आमसभेत ठराव मांडण्यापूर्वी संबंधित अधिकाऱ्यांकडून लेखी स्पष्टीकरण घ्या. वस्तीत भट्टीसारखा सामाईक धंदा असेल, तर ही पद्धत अपुरी पडेल आणि तळमजल्यावर कामाची जागा मागावी लागेल. दंगलीची ताजी आठवण असेल, तर गटांच्या आकाराबाबत माझा हट्ट नाही. घाबरलेल्या माणसाला मिसळण्याचे फायदे समजावण्याचा अधिकार आपल्याला नसतो.

शेवटी एक बाब, जी तुमच्या पत्रात नाही. परिशिष्ट-२ या पुनर्विकासाच्या पात्रता यादीत पात्र झोपडीधारकांची नावे असतील, पण शिलाईच्या गाळ्यांच्या माळ्यावर झोपणारी पोरे आणि पोटभाड्याने राहणारी कुटुंबे त्यात नसतील. मुंबईत सर्वांत अलीकडे आलेली माणसे तीच आहेत, आणि आजच्या घडीला शंभर वर्षांपूर्वीच्या त्या गाळ्यातली पेटी व खिळा त्यांच्याच वाट्याला आहेत. झोपड्या रिकाम्या करण्याची नोटीस लागेल तेव्हा ती कोणाला विचारणार नाहीत. फोनवरून गाववाल्याला गाठतील आणि मुंब्रा, भिवंडी किंवा नालासोपाऱ्याच्या एखाद्या गल्लीत जाऊन पथारी टाकतील. त्यांच्यासाठी संस्था खोली देऊ शकणार नाही, हे मला माहीत आहे. मात्र मालकांकडे अडकलेली त्यांची डिपॉझिटे झोपडी पाडण्यापूर्वी परत मिळावीत आणि निघण्याची तारीख निदान दोन महिने आधी कळावी, एवढे तुमची कार्यकारिणी करू शकते. येत्या रविवारी गल्ल्यांतून वही घेऊन फिराल, तेव्हा दाराशी असलेल्या मालकाचे नाव लिहून झाल्यावर शिडी चढून माळ्यावरही जा.